डावावर काय लावलंय ते ठाऊक असूदे

मोबाईल हातातून निसटला की काच बहुतेक वेळा कोपऱ्यापासून तडकते. तडा तिरका जातो, बाकीचा डिस्प्ले चालत राहतो. रागाने आपटलेला मोबाईल वेगळा दिसतो. मधोमध खळगा, त्याच्याभोवती जाळं आणि फ्रेमही जराशी वाकलेली. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळायला लागतं. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात पीयूसीच्या पहिल्या वर्षाचा, म्हणजे अकरावीचा, एक मुलगा तसला मोबाईल घेऊन आला आणि ‘खिशातून पडला काका’ म्हणाला, तेव्हा मी काही बोललो नाही. हीट गनने कडा गरम करत राहिलो. काच सुटेपर्यंत त्याने आपणहूनच सांगितलं.

तीन आठवडे तो एका गेममध्ये लाकूड तोडत होता, खनिज खणत होता. त्यातून चिलखत, तलवार, घोडा असं एकेक जमवलं होतं. त्या रात्री ते सगळं अंगावर चढवून तो लाल पट्ट्यात, म्हणजे त्या गेममधल्या धोक्याच्या प्रदेशात, शिरला. तोंडाशीच पाच जण टपून होते. अर्ध्या मिनिटात खेळ आटोपला. मेल्यावर अंगावरचं सगळं त्यांनी उचलून नेलं.

“चीटिंग केले काका. पाच जण मिळून एकट्याला मारले.”

“आत जाताना काही लिहून आलं होतं काय रे?”

“आलं होतं की. मेलास तर सगळं जाणार म्हणून. मी येस दाबलो.”

मला लिहायचं आहे ते ह्या ‘येस’बद्दल.

ज्या गेममध्ये समोर मशीन नसून दुसरा जिवंत माणूस असतो, त्यांना मुलं पीव्हीपी म्हणतात. खेळाडूविरुद्ध खेळाडू. आमच्याकडे सगळ्यात जास्त खेळला जाणारा बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतातली आवृत्ती, घ्या. त्याच्या मोठ्या नकाशावर एका वेळी 100 जण उतरतात. चार-चारचे स्क्वॉड धरले तर 25 संघ होतात, त्यातला एक जिंकतो आणि 24 हरतात. म्हणजे हरणं हा त्या खेळातला रोजचा व्यवहार आहे. तरी त्यात मेल्यावर पुढच्या डावाला सगळे पुन्हा रिकाम्या हाताने सुरू करतात, जातो तो वेळ आणि थोडी रँक. माझ्या गिऱ्हाइकाचा गेम त्याहून कडक जातीचा होता. ह्या जातीत अल्बियन ऑनलाइन प्रसिद्ध आहे. तो 2017 साली आला आणि 2021 पासून मोबाईलवरही मिळतो. त्यात प्रदेशांना रंग दिलेले असतात. निळ्यात तुम्हाला वाटेत कोणी धरून मारू शकत नाही. पिवळ्यात आडवे व्हाल, पण जीव आणि सामान शाबूत राहील. लाल आणि काळ्यात मेलात की अंगावरचं सगळं गेलं. तिथे पाऊल टाकण्याआधी धोक्याची सूचना येते. चांगली खनिजं, चांगली कमाई तिकडेच असते, म्हणूनच लोक तिकडे जातात.

मी त्या मुलाला म्हटलं, तुझ्यावर अन्याय झाला नाही बाळा, तू हरलास. त्याला ते आवडलं नाही. पण हरणं आणि फसवलं जाणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या नाहीत तर माणूस जन्मभर प्रत्येक हरण्यासाठी कोणाला तरी चोर ठरवत बसतो. पाच जणांनी एकट्याला गाठणं दिसायला बरं नाही, हे मलाही पटतं. पण त्या प्रदेशात टोळीने फिरणं चालतं, तोंडाशी लोक टपून बसतात, हे तिथे खेळणारं पोर न पोर जाणतं. तोही जाणत होता. त्याला काळ्या-लाल पट्ट्यातली कमाई हवी होती, तिथली भीती नको होती.

लहानपणी वडील मला बेळगावला आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघायला न्यायचे. आम्ही खांद्याला खांदा लावून बसायचो, खाली लाल माती, तिला हळदीचा आणि ताकाचा वास. दोन पैलवान समोरासमोर आले की आधी वाकून मूठभर माती उचलायचे, एकमेकांच्या अंगाला लावायचे, मग सलामी. ती माती लावणं म्हणजेच त्यांचं ‘येस’ होतं. तू मला पाडणार आहेस, मी तुला पाडणार आहे, आणि त्याबद्दल दोघांच्याही मनात किंतु नाही. चितपट झालेला गडी उठायचा, पाठ झाडायचा आणि हौद्याबाहेर यायचा. मला पाडलं म्हणून पंचाकडे गेलेला पैलवान मी आजवर बघितला नाही. पण एकदा कोणीतरी समोरच्याचं बोट पिरगाळलं, तेव्हा हलगी थांबली, पंच मध्ये पडले आणि बसलेली सगळी माणसं ओरडायला लागली. पाठ लागणं मान्य होतं, बोट मोडणं मान्य नव्हतं. हा फरक मला कोणी समजावून सांगितला नाही. मातीच्या कडेला बसून तो आपोआप अंगात भिनला. मोबाईलवर खेळणाऱ्या मुलांच्या भोवती ती माणसं नाहीत, हे मला सारखं जाणवतं.

तर पहिली गोष्ट ही, की जाणतेपणाने डाव लावून जो उतरला त्याने नुकसान स्वतःच्या पदरात घ्यावं. ईव्ह ऑनलाइन नावाचा आइसलँडमधल्या कंपनीचा अंतराळातला गेम 2003 पासून चालू आहे. त्यात फुटलेलं जहाज परत मिळत नाही. जे गमवायला परवडत नाही ते घेऊन उडू नकोस, असं तिथले जुने खेळाडू नव्याला पहिल्या दिवशी सांगतात. 27 जानेवारी 2014 ला त्यात एक लढाई पेटली आणि सुमारे 21 तास चालली. कारण काय, तर एका तळाच्या ताब्यासाठी भरायचं बिल वेळेवर भरलं गेलं नाही. नष्ट झालेल्या जहाजांची किंमत खऱ्या पैशात 3 लाख डॉलरच्या आसपास धरली गेली. हरलेल्यांना जहाजं परत मिळाली नाहीत. त्याच गेममध्ये सुरक्षित म्हटलेले भागही आहेत, आणि तिथेही हल्ला होऊ शकतो. फरक एवढाच की तिथे कॉनकॉर्ड नावाचं पोलीसदल येऊन हल्लेखोराला उडवतं. पण ते येतं तोवर तुमचं जहाज फुटलेलं असतं, आणि ते काही भरून देत नाही. हे वाचलं तेव्हा मला आमची पोलीस चौकी आठवली. तक्रार लिहून घेतात, चोर सापडला तर आत टाकतात, पण गेलेली सायकल आपल्यालाच शोधावी लागते. सुरक्षित जागा म्हणजे धोका नसलेली जागा नव्हे, हे मुलांनी गेममध्येच शिकलेलं बरं.

पण आत उतरणाऱ्याने जबाबदारी घ्यावी असं म्हणायचं असेल, तर उतरताना त्याला खरं चित्र दिसायला हवं, आणि न उतरायची वाटही मोकळी हवी. अल्टिमा ऑनलाइन 1997 साली आला तेव्हा गावाच्या पहाऱ्याबाहेर पडलेल्या नवख्याला कोणीही मारून लुटायचं. नवे लोक चार दिवसांत कंटाळून जायला लागले. शेवटी 2000 साली त्या जगाच्या दोन प्रती केल्या गेल्या. एकीत मर्जीशिवाय कोणी कोणाला मारू शकत नाही, दुसरीत जुना कायदा. बहुतेकांनी पहिली पसंत केली. जुन्या खेळाडूंनी त्यावर खूप बोंब मारली, की खेळातला थरार गेला. मला कंपनीचंच बरोबर वाटतं. दार दोन झाल्यावरच दुसऱ्या दारातून जाणाऱ्याच्या ‘येस’ला वजन आलं. त्याआधी सगळ्यांना एकाच हौद्यात ढकलून वर ‘आलास तर सोस’ म्हणणं, ही दांडगाई होती.

आता मोठ्यांकडे येतो, कारण गावात ह्या विषयावर सगळ्यात जास्त तेच बोलतात आणि सगळ्यात सोपा उपाय सांगतात. बंदी घाला. बंद्या आपण भरपूर बघितल्या. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी बंद झाला, पोरांच्या भल्यासाठी नव्हे, देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन. आठवड्याच्या आत मुलं माझ्याकडे ‘कोरियन व्हर्जन घालून देता काय’ विचारत आली. फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायर हा तसलाच गेम गेला, मुलं त्याच्या ‘मॅक्स’ आवृत्तीवर गेली. पैशाच्या खेळांवर कर्नाटकाने ऑक्टोबर 2021 मध्ये कायदा लागू केला, तो उच्च न्यायालयाने 14 फेब्रुवारी 2022 ला रद्द केला. त्या चार महिन्यांत काही अ‍ॅपची गंमत अशी झाली होती की महाराष्ट्राच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे बंद आणि पलीकडे चालू. निपाणीच्या माणसाची जोखीम कागलला जाऊन सुरू व्हायची. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचाच कायदा आला, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम सगळ्या देशात बंद झाले आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, वेगळी मान्यता मिळाली. ह्या कायद्याच्या बाजूने मी मनापासून आहे. रमीच्या अ‍ॅपवर पगार घालवून दुकानात मोबाईल विकायला आलेली माणसं मी बघितली आहेत. शिक्षा खेळणाऱ्याला नाही, खेळवणाऱ्याला आणि त्याची जाहिरात करणाऱ्याला आहे, हेही योग्य आहे. पण माझ्या समोर बसलेल्या मुलाने रुपये लावलेच नव्हते. त्याने तीन आठवड्यांच्या रात्री लावल्या होत्या. ते कुठल्या कायद्यात बसत नाही, आणि बसवूही नये. ते घरात बसायला हवं.

घरात कसं बसत नाही, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. काही गेम 18 वर्षांखालच्या मुलाला पालकाचा नंबर विचारतात, त्यावर ओटीपी जातो. बीजीएमआय 2021 मध्ये आला तेव्हा लहान मुलांसाठी दिवसाला 3 तासांची आणि खर्चाला 7,000 रुपयांची मर्यादा होती. कागदावर व्यवस्था चांगली होती. त्या काळात दुकानात रिचार्जला आलेली दोन मुलं सहज म्हणाली, ‘काका, तुमचा नंबर टाकू काय, घरात विचारलं तर ओरडतात.’ मी हातातलं काम न थांबवता नंबर सांगितला. ओटीपीही वाचून दाखवला. दोन मिनिटांचं काम.

काही महिन्यांनी त्यातल्या एकाचे वडील आले. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत कामाला, सकाळच्या गाडीने जायचे, रात्री यायचे. अंगावर कामाचा शर्ट तसाच होता. मुलाने त्यांच्या खात्यातून गेममधल्या वस्तूंसाठी साडेचार हजार उडवले होते. ते भांडायला आले नव्हते. मोबाईल माझ्यापुढे धरून त्यांनी एवढंच विचारलं, “पालकाच्या जागी तुमचा नंबर कसा काय आला हो ह्यात?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्धे पैसे मी दिले. त्यांनी घेताना मान वर केली नाही, आणि ते मला अजून टोचतं. त्या मुलाने ‘येस’ दाबलं होतं हे खरं, पण ते ‘येस’ त्याचं एकट्याचं नव्हतंच. करार कायद्याप्रमाणे आपल्याकडे 18 वर्षांखालच्याचा करार हा करार धरत नाहीत. त्याच्या वतीने जो मोठा माणूस हो म्हणतो, तो त्या जोखमीचा धनी. त्या दिवशी तो धनी मी होतो आणि मला मुलाच्या वडिलांचं नावही नीट ठाऊक नव्हतं. पोरांना ‘जबाबदारी घ्या’ म्हणून सुनावणाऱ्या आपण मोठ्यांनी असे किती नंबर देऊन ठेवलेत, हे एकदा आठवून बघावं. वस्ताद चौदा वर्षांच्या पोराची जोड तिशीच्या गड्याबरोबर लावत नाही. आपण न बघता लावतो.

आणखी एक गोष्ट आहे, जी फक्त आमच्या ह्या पट्ट्यात इतकी बोचते. दुकानाबाहेर बाक आहे. संध्याकाळी त्यावर चार मुलं मोबाईल आडवे धरून बसलेली असतात, दोन मराठी घरची, दोन कन्नड घरची. एकजण ओरडतो, “मनी हिंद अदान ले!” घराच्या मागे आहे तो. मराठी मुलगा क्षणात वळतो, बार काढतो आणि म्हणतो, “नॉक केलो बे, तू पुढं हो.” कोणी कोणाला भाषांतर करून सांगत नाही. मी असे चार जण बघतो तेव्हा मला बरं वाटतं.

हीच मुलं अनोळखी लोकांबरोबरच्या लॉबीत गेली की माइकवर वेगळंच ऐकू येतं. बेळगावकडचा आहे आणि मराठी बोलतो एवढं कळलं की पलीकडून आईबहिणीवरून सुरू होतं, ‘तिकडे जा तुमच्या राज्यात’ होतं. आपली मुलंही मागे नसतात. तितकंच घाण, कधी जास्तच, कन्नड घरच्या मुलाला ऐकवतात. सीमाप्रश्नावर मी कुठे उभा आहे हे माझ्या गावाला ठाऊक आहे. 1 नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून मी सायकल फेरीत गेलेला माणूस आहे, आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याचा निकाल आपल्या बाजूने लागावा असं मला आजही वाटतं. म्हणूनच हे ठामपणे लिहितो. ज्या भाषेसाठी माणसांनी 1956 मध्ये आणि 1986 मध्ये गोळ्या झेलल्या, तिचं नाव घेऊन एका पोराने दुसऱ्या पोराच्या आईला शिवी द्यावी, हा त्या माणसांचा अपमान आहे.

‘गेममध्ये चालतं काका, ट्रॅश टॉक असतंय’ असं मुलं मला समजावतात. नाही चालत. लाल पट्ट्यात जाणाऱ्याने तलवार डावावर लावली, घोडा लावला. आई लावली नव्हती, भाषा लावली नव्हती. जे लावलंच नाही ते हिसकावायचा हक्क जिंकणाऱ्याला कुठून आला? इथे सोसणाऱ्याला ‘आलास तर सोस’ म्हणणं म्हणजे बोट मोडणाऱ्यालाच विजयी ठरवणं आहे. म्यूटचं बटण आहे, रिपोर्टचं आहे, ती वापरावीत. पण बटण दाबायची जबाबदारी शिवी खाणाऱ्यावर टाकून देणाऱ्याला मोकळं सोडू नये. त्याच्या शेजारी बसलेल्या तिघांनी तिथल्या तिथे त्याला गप्प करावं. पंच नसेल तर बघणाऱ्यांनी ओरडावं, आनंदवाडीत ओरडायची तशी.

आयडी, म्हणजे गेममधलं खातं, विकणं-घेणं हा तिसराच उद्योग. चांगल्या स्किन, म्हणजे सजावटीचे पोशाख, असलेला आयडी दोन-तीन हजारांना इन्स्टाग्रामवर विकायला काढतात, समोरचा पासवर्ड बदलून गायब होतो किंवा पैसे घेऊन ब्लॉक करतो. हा व्यवहार बहुतेक गेमच्या नियमांतच बसत नाही, त्यामुळे कंपनीकडे दाद मागायला तोंड राहत नाही. तरी ह्याला मी हरणं म्हणणार नाही, ही फसवणूकच आहे. पैसे गेले असतील तर लाज न बाळगता लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 ह्या नंबरला फोन करावा. जेवढा उशीर, तेवढे पैसे पुढच्या खात्यात सरकत जातात. मुलं फोन करत नाहीत, कारण मग घरात कळतं. घरात कळण्याची भीती पैशापेक्षा मोठी झालेली असते, ह्याचा दोष मुलांना देताना माझी जीभ अडखळते.

त्या फुटलेल्या मोबाईलचं राहिलं. कोंबोला, म्हणजे काच आणि डिस्प्लेच्या जोडीला, आणि मजुरीला मिळून अठराशे झाले. मोबाईल आईने बचत गटाचं कर्ज काढून घेऊन दिला होता, कॉलेजचे धडे त्यावर येतात म्हणून. मी त्याला विचारलं, “डावावर तलवार लावली होतीस. मोबाईल कधी लावला होतास?” तो गप्प राहिला. आईला सांगणार काय विचारल्यावर म्हणाला, सांगतो. खरंच सांगितलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ती स्वतः आली, पाचशे ठेवले आणि म्हणाली, बाकीचे त्याच्याकडूनच घ्या, वडिलांच्या ओळखीने रविवारी वीटभट्टीवर विटा मोजायला जातोय.

दर आठवड्याला दोनशे आणून दिले त्याने. शेवटचा हप्ता द्यायला आला तेव्हा मी विचारलं, गेम सोडलास काय? नाही म्हणाला. लाल पट्ट्यात परत जातो, पण सगळ्यात स्वस्तातलं चिलखत घालून, घोडा पिवळ्यातच ठेवून. परवा परत मेला.

“मग?”

“मग काय काका. तेवढंच घालून गेलो होतो, तेवढंच गेलं की.” आणि मोबाईल पुढे करून म्हणाला, “टेम्पर्ड ग्लास एक घाला ह्याला. जाडातली.”